मीटरवर २.७ व्होल्ट, तरी बल्ब पेटेना! करंट जातो तरी कुठे?

खिळेमोळे (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न शाळकरी आहे, पण दोन दिवस डोकं खातोय.

माळा आवरताना दोन सेलांची जुनी विजेरी सापडली. बल्ब फिलामेंटवाला, टोपीवर बारीक अक्षरात '२.५ व्होल्ट, ०.३ ॲम्पिअर'. बटण दाबलं तर फिलामेंट नुसतं लाल होतं, विझत आलेल्या निखाऱ्यासारखं. सेल संपले असतील म्हणून मल्टिमीटर लावला. एकात १.४ व्होल्ट, दुसऱ्यात १.३. बेरीज २.७. बल्बाला हवेत त्याहून जास्तच की! बरं, बल्ब गेला म्हणावं तर नवे सेल घातल्यावर लख्ख लागतो.

आठवीतली कन्या म्हणाली, "बाबा, व्होल्टेज आहे, पण करंट संपलाय." मी म्हटलं, करंट काय डब्यात भरून ठेवलेला असतो का संपायला? ती म्हणाली, मग काय असतं ते सांगा. तिथे माझी बोलती बंद.

निमशहाणा

सोपं आहे हो. सेल म्हणजे टाकी, वायर म्हणजे पाइप, करंट म्हणजे पाणी. बल्ब पाणी पितो. टाकीत पाणी कमी झालं की बल्ब मंद. मुलीला एवढं पुरे.

शंकासुर

टाकी रिकामी होत आली तर दाब उतरायला हवा. इथे दाब २.७ भरतोय, मग कमी काय झालं? शिवाय बल्ब पाणी पिऊन टाकत असेल तर सेलकडे परतीची दुसरी तार कशाला लागते?

निमशहाणा

उरलेला करंट परत न्यायला.

डागकाम

उरलेला नाही हो, सगळाच्या सगळा परत येतो. मीटर करंट मोजण्यावर लावा, एकदा बल्बाच्या अलीकडे जोडा आणि एकदा पलीकडे. आकडा तोच येतो. @खिळेमोळे, हे आजच करून बघा. मात्र मीटर वाटेत घालायचा: तार तोडायची आणि त्या फटीत मीटर बसवायचा.

खिळेमोळे

केलं. सेल विजेरीतून काढून टेबलावर मांडले, चिमट्यांच्या वायरी लावल्या. बल्बाच्या आधी ०.१७ ॲम्पिअर, बल्बानंतर ०.१७ ॲम्पिअर. एका पॉइंटाचाही फरक नाही. मग बल्ब खातो काय?

निमशहाणा

माझ्याकडे शून्य दाखवतंय. मी सेलच्या दोन टोकांना थेट लावला होता मीटर, करंटच्या खाचेत.

डागकाम

गेला तुमच्या मीटरचा फ्यूज. 😄 करंट मोजताना मीटरचा स्वतःचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जवळपास शून्य असतो. सेलच्या दोन्ही टोकांना तो थेट लावणं म्हणजे जाड तारेने शॉर्ट करणं. ताजा छोटा अल्कलाइन सेलसुद्धा अशा वेळी काही ॲम्पिअर सोडतो, आणि मीटरच्या लहान रेंजचा फ्यूज त्याच्या कितीतरी आधी उडतो. तो बदलला की मीटर पूर्ववत. लिथियम बॅटरीवर किंवा गाडीच्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग चुकूनही नको, तिथे फ्यूजवर भागत नाही.

रेघोट्या

हा धडा बरीच वर्षं शिकवते आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ लावते.

पाइपाच्या उपमेत गोम अशी की डोळ्यासमोर रिकामा पाइप येतो आणि त्यात एका टोकाकडून पाणी भरत जातं. तार कधीच रिकामी नसते. तांब्याचा प्रत्येक अणू साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. एका घन मिलिमीटर तांब्यात, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही कमी जागेत, असे सुमारे ८५ अब्ज गुणिले एक अब्ज मोकळे इलेक्ट्रॉन असतात. सेल जोडा, नका जोडू, ते तिथे असतातच. धावतही असतात प्रचंड वेगाने, पण सगळ्या दिशांना सारखेच, म्हणून गोळाबेरीज शून्य. सेल इलेक्ट्रॉन पुरवत नाही, आधीपासून असलेल्यांना एका दिशेने सरकायला लावतो.

मी मुलांना रहाटगाडगं सांगते. बैल चालू लागला की विहिरीच्या तळाशी असलेलं गाडगंही तेव्हाच हलतं, ते काही बैलाजवळून निघालेलं नसतं. माळेच्या कुठल्याही जागी उभं राहून मोजा, मिनिटाला तितकीच गाडगी जाताना दिसतील. माळ एका जागी अडकली की सगळीकडे अडकते. करंट म्हणजे ही मोजणी: एका जागेवरून सेकंदाला किती प्रभार (विद्युतभार) गेला. मोजणी 'संपत' नाही, कमी होते किंवा थांबते. खर्च होते ती बैलाची मेहनत. बल्ब खातो ती ऊर्जा. इलेक्ट्रॉन फिलामेंटमधून सरकताना अणूंना धडकत ती तिथे टाकत जातात आणि फिलामेंट तापतं.

आता एक हिशेब, मुलांना फार आवडतो. १ ॲम्पिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२४ अब्ज गुणिले एक अब्ज इलेक्ट्रॉन. तुमच्या बल्बाच्या पूर्ण ०.३ ॲम्पिअरला झाले त्याच मापात, म्हणजे अब्ज गुणिले एक अब्जांत, साधारण १.८७. तार १ चौरस मिलिमीटर छेदाची धरा. तिच्या १ मिलिमीटर लांबीत ८५ बसलेत आणि सेकंदाला पुढे जायचेत १.८७. भागा. सेकंदाला ०.०२२ मिलिमीटर.

शंकासुर

थांबा थांबा. म्हणजे १ मीटर तार ओलांडायला…

४५,००० सेकंद. साडेबारा तास!

म्हणजे संध्याकाळी बटण दाबलं तर तिथून निघालेला इलेक्ट्रॉन मीटरभर लांबच्या बल्बापाशी पोचेपर्यंत उजाडेल. आणि मी आजवर समजत होतो की वीज प्रकाशाच्या वेगाने धावते.

रेघोट्या

फिलामेंटमध्ये गेल्यावर मात्र तेच इलेक्ट्रॉन कितीतरी वेगाने जातात. तिथला छेद तारेच्या शेकडो पटींनी बारीक, आणि मोजणी तर तेवढीच राहायला हवी. अरुंद बोळात मिरवणूक धावते तसं.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. रहाटाची माळ ताणलेली असते म्हणून एक गाडगं दुसऱ्याला ओढतं. तारेत लांबच्या इलेक्ट्रॉनाला कळतं कसं की आता सरकायचंय? शेजारचा शेजाऱ्याला ढकलत जातो का?

डागकाम

ढकलाढकलीने नाही, विद्युतक्षेत्राने, म्हणजे प्रभारावर न शिवता जोर लावणाऱ्या क्षेत्राने. इथे उपमा बाजूला ठेवू, कारण इथेच तिची माळ तुटते.

बटण बंद असताना काय असतं ते आधी बघा. सेलच्या धन टोकापासून बटणापर्यंतची सगळी तार धन टोकाच्याच (व्होल्टेजच्या) पातळीवर असते, आणि ऋण टोकापासून बल्बातून फिरून बटणाच्या दुसऱ्या पत्रीपर्यंतची सगळी तार ऋण टोकाच्या पातळीवर. म्हणजे सगळे २.७ व्होल्ट त्या बटणातल्या केसभर फटीत उभे. पत्र्या टेकल्या की ही परिस्थिती टिकत नाही. फटीच्या दोन्ही बाजूंनी बदल पसरायला लागतो, तारेच्या भोवतालच्या जागेतून, जवळपास प्रकाशाच्या वेगाने. प्रकाश नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे टेबलावरच्या खेळाला काही नॅनोसेकंद.

या धांदलीत तारेच्या पृष्ठभागावर अगदी थोडे जास्तीचे इलेक्ट्रॉन कुठे साचतात, कुठे उणे होतात. वळणावर, सांध्यावर, जाड तार संपून बारीक फिलामेंट सुरू होतं तिथे. हे पृष्ठभागावरचे प्रभार तारेच्या आतलं क्षेत्र असं बसवून देतात की सगळीकडे सारखाच करंट वाहावा. कुठे कमी वाहिला तर तिथे आणखी प्रभार साचतो आणि क्षेत्र वाढतं, की करंट पुन्हा सारखा. कुणी मुकादम लागत नाही.

थोडक्यात बातमी वेगाने जाते, इलेक्ट्रॉन नाही. आणि बातमी निघते बटणापासून, सेलपासून नाही. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

निमशहाणा

मग दोन बल्ब एकापुढे एक लावले तर धन टोकाजवळचा आधी पेटेल हे चूकच ना? मी मुलाला हेच सांगितलंय. 🙈

डागकाम

चूकच. धन टोकाचा काही मान नसतो. बदल कुणाकडे आधी पोचेल हे बटण कुठे आहे त्यावर ठरतं, तेही नॅनोसेकंदांच्या फरकाने. फिलामेंट तापायलाच त्याच्या लाखो पट वेळ लागतो. डोळ्याला दोन्ही एकदमच. आणि दोन्ही बल्ब सारखे असतील तर उजेडही सारखा, 'पहिल्याने खाऊन उरलेलं दुसऱ्याला' असं काही नाही.

शंकासुर

पण इलेक्ट्रॉन तर ऋण टोकाकडून धनाकडे जातात आणि पुस्तकात बाण उलटा. ही चूक अजून सुधारली का नाही?

रेघोट्या

चूक नाही, ठरवलेली खूण आहे. धन-ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास वापरात आणली, इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत सगळी समीकरणं बाणाच्या त्याच दिशेने लिहून झाली होती. ऋण प्रभार डावीकडे जाणं आणि धन प्रभार उजवीकडे जाणं यांचा हिशेब एकच येतो. आणि सेलच्या आतल्या द्रवात आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, चालतात: धन आयन एकीकडे आणि ऋण आयन दुसरीकडे, असे दोघेही चालतात. मग तिथे 'खरी' दिशा कुठली म्हणणार?

वाचनमात्र

असं वाचलंय की ऊर्जा तारेतून जातच नाही, बाहेरच्या क्षेत्रातून जाते. हे खरं का?

डागकाम

पॉइंटिंग या भौतिकशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये मांडलेलं आहे ते, आणि बरोबर आहे. पण त्यासाठी चुंबकीय क्षेत्रही आणावं लागेल आणि @खिळेमोळे यांची विजेरी बाजूला राहील. वेगळा धागा काढा, येतो.

खिळेमोळे

विजेरीची आठवण ठेवल्याबद्दल आभार. 🙏 करंट साठवलेला नसतो हे कळलं, बल्ब करंट खात नाही हे तर डोळ्यांनी पाहिलं. मूळ दुखणं तसंच आहे. २.७ व्होल्ट आहेत, मग ०.३ च्या जागी ०.१७ का?

जाता जाता आणखी एक. बल्बाचा रोध काढला. २.५ भागिले ०.३ म्हणजे ८.३ ओहम यायला हवा. मीटरने सुटा बल्ब मोजला तर १ ओहमच्याही आत. बल्बच गंडलाय का?

डागकाम

बल्ब ठणठणीत आहे. तुम्ही थंड फिलामेंट मोजलं. पेटल्यावर टंगस्टन दोन-अडीच हजार अंशांवर जातं आणि त्याचा रोध दहापटीच्या वर वाढतो. टोपीवरचे आकडे पेटलेल्या बल्बाचे असतात. बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच का जातात याचंही कारण हेच: पहिल्या क्षणी थंड फिलामेंट भरमसाट करंट ओढतं.

क्षारयुक्त

सेलबद्दल मी लिहितो, माझा प्रांत आहे. तुमचे सेल साधे जस्त-कार्बन जातीचे असावेत. बाहेरचा डबा जस्ताचा, तोच ऋण टोक. मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी आणि दोन्हींच्या मध्ये ओलसर विद्युत अपघटनी लगदा.

जस्ताचा अणू त्या ओलाव्यात आयन होऊन उतरतो आणि दोन इलेक्ट्रॉन डब्यात मागे ठेवून जातो. मँगनीज डायऑक्साइडला इलेक्ट्रॉन हवे असतात. बाहेरून वाट नसेल तर डब्यात थोडेसे इलेक्ट्रॉन साचले की पुढचे आयन उतरायला कां-कू करतात आणि क्रिया थांबते. जिथे थांबते ती पातळी म्हणजे तुमचे दीड व्होल्ट. ती ठरते कोणते दोन पदार्थ आहेत यावरून, सेलच्या आकारावरून नाही. म्हणून बोटाएवढा सेलही दीडचा आणि मनगटाएवढाही दीडचा.

बाहेरची वाट जोडली की डब्यातले इलेक्ट्रॉन तारेतून निघतात, आणि त्याच हिशेबाने आतल्या लगद्यातून आयनांना चालावं लागतं. हे विसरलं जातं. परिपथ सेलपाशी संपत नाही, सेलच्या पोटातून पूर्ण होतो. पोटातली वाट खराब झाली की बाहेर कितीही जाड तांबं वापरा, उपयोग शून्य. जुन्या सेलात लगदा सुकतो, क्रियेतून तयार झालेले पदार्थ जस्तावर थर धरतात. रसायनं थोडी का होईना शिल्लक असतात, म्हणून व्होल्टेज दिसतं. पण आयनांची पायवाट काट्याकुट्यांनी भरलेली. यालाच सेलचा अंतर्गत रोध म्हणायचं.

लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खुपसली की मीटर ०.९ च्या आसपास दाखवतो, पण अशी तीन लिंबं जोडूनही विजेरीचा बल्ब ढिम्म राहतो. तेही याच कारणाने.

शंकासुर

मग मीटरला हा रोध का दिसला नाही? तो काय सेलची बाजू घेतो?

क्षारयुक्त

मीटर काही मागतच नाही ना! व्होल्टेजच्या खाचेत डिजिटल मीटरचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. २.७ व्होल्टला करंट किती? ०.२७ मायक्रोॲम्पिअर. बल्बाला हवेत ०.३ ॲम्पिअर, दहा लाख पटींनी जास्त. एक-एक माणूस सोडला तर पायवाटेची अडचण कशी कळणार, मोर्चा आला की कळते.

यात एक ऐतिहासिक गंमत आहे. व्होल्टाने १८०० मध्ये धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यांची चळत रचली, तीच पहिली बॅटरी. पंचवीस वर्षांनी ओहमने तारांवर प्रयोग सुरू केले तेव्हा अशा बॅटरीचा करंट प्रयोग चालू असतानाच घसरायचा आणि आकडे जुळेनात. शेवटी त्याने बॅटरी सोडली आणि तांबं-बिस्मथचा जोड घेतला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातल्या या फरकामुळे स्थिर करंट मिळाला. १८२६ मध्ये त्याने जे सूत्र मांडलं त्यात तपासायच्या तारेच्या लांबीबरोबर आणखी एक ठरावीक आकडा मिळवलेला होता, उरलेल्या परिपथाच्या रोधासाठी. शाळेत आपण तोच आकडा गाळून सूत्र पाठ करतो, आणि मग जुनी विजेरी आपल्याला चकवते.

रेघोट्या

गाळतो, कबूल. 😀 @खिळेमोळे, आता बल्ब पेटता ठेवून व्होल्टेज मोजा. आधी दोन्ही सेलांचं मिळून, मग एकेकाचं वेगळं. चिमटे उलटसुलट होऊ देऊ नका.

खिळेमोळे

मोजलं, आणि आता जास्तच गोंधळलोय.

बल्ब जोडलेला असताना दोन्ही मिळून फक्त ०.८ व्होल्ट. इथवर क्षारयुक्त म्हणतात तसंच. मग १.४ वाला सेल एकटा मोजला: १.१. ठीक. मग १.३ वाला: मीटरवर उणे ०.३!! चिमटे उलटे लागले म्हणून तपासले, बरोबर होते. बल्ब काढला की तोच सेल अधिक १.३. बल्ब लावला की उणे. कन्या म्हणते सेलला भूत लागलंय.

शंकासुर

आता मात्र खुर्ची पुढे ओढून बसलो.

रेघोट्या

भूत नाही, साधी वजाबाकी. करंट ०.१७, तुम्हीच मोजलेला. बऱ्या सेलचे १.४ चे १.१ झाले, ०.३ आतच पडले. ०.३ भागिले ०.१७, म्हणजे पोटातला रोध १.८ ओहमच्या आसपास. दुसऱ्याचे १.३ चे उणे ०.३ झाले, म्हणजे आत १.६ व्होल्ट पडले. १.६ भागिले ०.१७, जवळपास साडेनऊ ओहम. बल्बाचा स्वतःचा रोध या मंद अवस्थेत ०.८ भागिले ०.१७, पाचाच्याही आत. सेल बल्बाच्या दुप्पट अडवतोय!

एकट्याच्या बळावर तो सेल फार तर शून्यापर्यंत उतरला असता. पण इथे शेजारचा बरा सेल त्याच्यातून करंट रेटतोय. म्हणून तो शून्याच्याही खाली गेला. तो आता सेल उरलेलाच नाही, वाटेत बसवलेला एक अडथळा झालाय.

क्षारयुक्त

जुना-नवा सेल एकत्र घालू नका म्हणतात ते म्हणूनच. असा उलटा रेटलेला सेल फुगतो, पाझरतो आणि विजेरीची पत्री खाऊन टाकतो.

रेघोट्या

आता मुलीसाठी शेवटचा प्रयोग. खराब सेल काढून टाका आणि बल्ब एकट्या १.४ वाल्या सेलवर लावा. २.७ ऐवजी १.४ उरतील. उजेड कमी होईल, तेवढाच राहील की वाढेल? लावायच्या आधी तिच्याकडून लिहून घ्या.

निमशहाणा

व्होल्टेज निम्मं, उजेड कमी. फ्यूज बदललाय, आता चुकणार नाही.

वाचनमात्र

तेवढाच.

शंकासुर

साडेनऊ ओहम वाटेतून गेले… वाढेल. पण छातीवर हात ठेवून सांगत नाही.

खिळेमोळे

कन्येने 'कमी' लिहिलं होतं, मीही.

वाढला. ठळक वाढला! लालसरचा पिवळट-नारिंगी झाला. बल्बाच्या टोकांवर १.०५ व्होल्ट, आधी ०.८ होते. तिने तीन वेळा सेल काढून-घालून पाहिला, मग खराब सेलवर लाल पेनने 'अडथळा' असं लिहिलं. आता घरातल्या घड्याळाचे आणि रिमोटचे सेल काढून एकेक बल्बाला लावून बघणं चालू आहे. रिमोटचा निघाला तसाच. नुसता मोजला तर १.३५, बल्ब लावला की ०.४. रिमोट मात्र त्यावर अजून व्यवस्थित चालतोय.

शंकासुर

चालणारच. बल्बाच्या मानाने तो मागतो किती!